जुलैचा दाखला, ऑगस्टचे पाणी

पावसाळ्यात सांगलीकरांची सकाळ एका आकड्याने सुरू होते. आयर्विन पुलाखाली कृष्णेचे पाणी किती फुटांवर? चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे इथे शाळकरी पोरांनाही पाठ असते. २०१९च्या ऑगस्टमध्ये हा आकडा ५७ फुटांच्या वर गेला. पाणी ओसरल्यावर लोकांनी घरे धुतली, दुकानांतला गाळ उपसला, हिशेबाच्या वह्या उन्हात वाळत घातल्या. अशा वेळी मोठ्या इमारतींतली एक खोली बहुधा सगळ्यांत शेवटी उघडली जाते. ती तळमजल्यावर जिन्यामागे किंवा तळघरात असते आणि तिच्यात लाल रंगाचे पंप असतात. पुराचे पाणी तिथे सर्वांत आधी शिरते आणि सर्वांत शेवटी बाहेर पडते.

हे पंप आग विझवण्यासाठी असतात. मोटरच्या वाइंडिंगमध्ये पाणी गेलेले असते, पॅनेलमधल्या रिले आणि काँटॅक्टरवर चिखलाचा थर बसलेला असतो, डिझेल इंजिनाच्या बॅटऱ्या बुडालेल्या असतात. आणि त्याच इमारतीच्या कार्यालयात, वरच्या मजल्यावर, फायलीत एक कोरडा कागद असतो. ही यंत्रणा सुस्थितीत व कार्यक्षम असल्याचा जुलै महिन्याचा दाखला. पुढचा दाखला जानेवारीत. कृष्णेचा पूर येतो तो जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमका या दोन तारखांच्या मधल्या काळात.

हा कागद कोण देतो आणि कोणाला देता येतो, याचे उत्तर महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ या कायद्यात आहे. तो ६ डिसेंबर २००८ पासून अमलात आला. त्याच्या कलम ३ने आगीपासून संरक्षणाची जबाबदारी विकासक, मालक किंवा भोगवटादार यांच्या अंगावर टाकली. अग्निशमन दल आग विझवायला येईल. पण इमारतीतली यंत्रणा बसवणे आणि चालू ठेवणे हे इमारत वापरणाऱ्याचे काम. मात्र ते त्याने स्वतःच्या हाताने किंवा ओळखीच्या प्लंबरकडून करून घ्यायचे नाही. कलम १० सांगते की हे काम परवानाधारक एजन्सीखेरीज कोणी करू नये. परवाना देतात महाराष्ट्र अग्निशमन सेवेचे संचालक, ज्यांचे कार्यालय मुंबईत कालिन्याला आहे. साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात पाइप टाकायचा असो की मिरजेतल्या रुग्णालयात धूरशोधक बसवायचे असोत, ते करणाऱ्या माणसाचे नाव या संचालनालयाच्या दप्तरी असावे लागते.

काम पूर्ण झाले की एजन्सी फॉर्म ए देते, म्हणजे यंत्रणा नियमांप्रमाणे बसवल्याचे प्रमाणपत्र. त्यानंतर वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा सुस्थितीत असल्याचा वर सांगितलेला दाखला. तो मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याकडे किंवा नामनिर्देशित अधिकाऱ्याकडे जमा करायचा असतो. बोलण्यात लोक याला नुसते ‘फॉर्म बी’च म्हणतात, आणि एजन्सीच्या माणसांना ‘फायरवाले’.

कलम १०मधले दुसरे पोटकलम या सगळ्याचे मर्म आहे. प्रत्यक्षात पूर्तता किंवा देखभाल झालेली नसताना एजन्सीने प्रमाणपत्र देऊ नये, असे ते म्हणते. मूळ कायद्यात उल्लंघनाला किमान सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि २० हजार ते ५० हजार रुपये दंड सांगितला आहे. म्हणजे कायद्याने सहीला वजन दिले. पण सही करणाऱ्याने त्या दिवशी काय पाहिले, पंप चालवून पाहिला की नुसता रंग पाहिला, हे फॉर्मच्या एका ओळीत मावत नाही. म्हणून हा परवाना ज्या कामासाठी आहे, ते काम नेमके काय असते हे मालकाने स्वतः समजून घ्यायला हवे.

पंपखोलीपासून सुरुवात करू. साधारणपणे तिच्यात तीन पंप असतात. मुख्य पंप विजेवर चालतो. दुसरा डिझेलवर, कारण आग लागली की पहिल्यांदा वीज तोडली जाते किंवा आपोआप जाते. तिसरा सगळ्यांत लहान, जॉकी पंप. पाइपातला दाब थोडा उतरला की हा चालू होतो, दाब भरून काढतो आणि बंद होतो. कोणी हायड्रंट उघडला किंवा स्प्रिंकलर फुटला तर दाब झपकन पडतो, जॉकीला तो सावरता येत नाही आणि मुख्य पंप सुरू होतो. मुख्य पंप आपोआप सुरू व्हावा, पण बंद मात्र माणसाने हातानेच करावा अशी पद्धत आहे. आग विझली की नाही हे पंपाला कळत नाही.

आता या खोलीत बिघाड कसा शिरतो ते पाहा. जमिनीखालच्या पाइपाला कुठेतरी गळती लागते. जॉकी दर पाच-दहा मिनिटांनी सुरू होऊ लागतो. रात्रपाळीचा वॉचमन आवाजाला कंटाळतो, वीजबिल वाढते, आणि कोणीतरी पॅनेलवरचा खटका ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर फिरवतो. त्या क्षणी सगळी यंत्रणा झोपी जाते. पाइप लालच असतात, गेज जागच्या जागी असते, टाकीत पाणीही असते. अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने स्प्रिंकलर निकामी ठरलेल्या आगींचा अभ्यास केला, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा कारण एकच निघाले: यंत्रणा आधीच कोणीतरी बंद करून ठेवली होती. जे तिथे घडते ते कुपवाडच्या किंवा फलटणच्या पंपखोलीत घडणार नाही असे मानायला काही आधार नाही. चांगली एजन्सी खटका पाहते, मग गळती शोधते. नुसता खटका परत फिरवून गेली तर आठवड्याभरात तो पुन्हा ‘मॅन्युअल’वर जाणार.

स्प्रिंकलर स्वतः साधी वस्तू आहे. अमेरिकेत न्यू हेवन इथे हेन्री पार्मेली नावाच्या पियानो कारखानदाराने १८७४ साली आपल्या कारखान्यासाठी स्वयंचलित स्प्रिंकलर तयार केला, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे: उष्णता पोचली की तोंड आपोआप उघडते. आज बहुधा तोंडाशी काचेचा छोटा बल्ब असतो, त्यात द्रव. लाल द्रवाचा बल्ब ६८ अंश सेल्सियसला फुटतो, पिवळा ७९ला, हिरवा ९३ला. चित्रपटांत दाखवतात तसे सगळे स्प्रिंकलर एकदम सुरू होत नाहीत. ज्याच्याखाली उष्णता पोचली तोच फुटतो. पण ज्याने छताला रंग देताना बल्बवरही ब्रश फिरवला, त्याने तो स्प्रिंकलर निकामी केला. रंगाच्या थराखाली बल्ब उशिरा तापतो. ही चूक रंगाऱ्याची असते, पण जुलैत ती पकडायची असते परवानाधारकाने.

“पाइप जोडायचे काम तर कोणीही फॅब्रिकेटर करेल, त्याला परवाना कशाला?” हा प्रश्न सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांत ऐकू येतो आणि तो अगदीच गैरलागू नाही. इथे वेल्डिंगचे कसब पिढीजात आहे. औंध संस्थानाच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना उभारला, तेव्हा सांगली हा वेगळा जिल्हा नव्हता. सांगली जिल्हा पुढे ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला. त्या किर्लोस्करवाडीतून आज जगभर पंप जातात, आणि कंपनी अग्निशमनाचे पंपही बनवते. पंपाचे ज्ञान या मातीत कमी नाही. पण पाइप जोडता येणे आणि कुठली आग कशाने विझते हे माहीत असणे, या दोन वेगळ्या विद्या आहेत. सातारा-सांगलीतच याची उदाहरणे हाताशी आहेत.

साखर कारखान्याचेच घ्या. कृष्णाकाठी ते दर काही मैलांवर आहेत आणि पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलमुळे बऱ्याच ठिकाणी शेजारी आसवनी आणि इथेनॉलच्या टाक्या उभ्या राहिल्या. तेलाच्या टाकीला आग लागली तर वर फोमची गादी पसरतात. ती हवा तोडते. तोच साधा फोम इथेनॉलवर टाकला तर गादी टिकत नाही. अल्कोहोल पाण्यात मिसळते, ते फोममधले पाणी शोषून घेते आणि बुडबुडे कोसळतात. तिथे अल्कोहोलला दाद न देणारा वेगळा फोमच लागतो. दोन्हींचे कॅन बाहेरून सारखेच दिसतात. शिवाय इथेनॉलची ज्वाला फिकट निळसर असते, भर उन्हात नीट दिसत नाही. दर थोडा कमी म्हणून साधा फोम भरून दिला तर कागदावर टाकी सुरक्षित आणि प्रत्यक्षात उघडी. हा फरक ज्याला कळतो त्यानेच हे काम करावे, एवढ्यासाठी परवाना आहे.

त्याच आवारात बगॅसचे, म्हणजे उसाच्या चिपाडाचे, डोंगर असतात. त्याची आग वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते. दोन दिवसांनी पुन्हा पेटते. हळदीच्या पोत्यांच्या थप्पीतही हेच. अशा ठिकाणी पावडरचे सिलिंडर ज्वाला मारते, पण निखारा थंड करत नाही. तिथे पाणीच लागते, भरपूर आणि बराच वेळ, आणि थप्पी उकलायला माणसे.

आणि साखरेची धूळ! ७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ गावी इंपीरियल शुगरच्या कारखान्यात स्फोट झाला आणि १४ जण मेले. बॉम्ब नव्हता, गॅस नव्हता. साचलेली साखरेची भुकटी हवेत उडाली आणि पेटली. पहिल्या धक्क्याने आणखी भुकटी उडाली, ती पेटली, असे स्फोट इमारतभर पसरत गेले. हळदीची भुकटीही ज्वलनशील आहे. दळणाच्या गिरणीत नुसते सिलिंडर टांगून येणारा आणि आधी तुळयांवर साचलेली धूळ झाडायला सांगणारा, यांत दुसरा खरा अग्निसुरक्षेचा माणूस.

महामार्गावरच्या किंवा महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांतली गोष्ट वेगळी. कढईतल्या पेटत्या तेलावर पाणी टाकले तर पाण्याची क्षणात वाफ होते, तिचे आकारमान सोळाशे-सतराशे पट होते आणि जळते तेल चहूकडे उडते. म्हणून मोठ्या स्वयंपाकघरात चिमणीच्या हूडखाली वेट केमिकलची यंत्रणा बसवतात. त्यातले पोटॅशियमचे क्षार तापलेल्या तेलाशी मिळून साबणासारखा थर करतात, आणि त्याच वेळी गॅसचा पुरवठा बंद होतो. यातली मेख नोझलच्या जागेत आहे. ते ज्या कढईवर नेमके रोखलेले असते, ती कढई हंगामात गर्दी वाढली म्हणून दोन फूट सरकवली की नोझल रिकाम्या ओट्यावर फवारणार. दरवेळी चुली हलवल्या की एजन्सीला बोलावणारे हॉटेलमालक थोडे. पण जे बोलावतात ते बरोबर करतात.

वाईला मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे, प्राज्ञपाठशाळेची परंपरा आहे. कागद, पोथ्या, नोंदी जिथे असतात तिथे आगीइतकीच विझवण्याच्या पाण्याची धास्ती असते. अशा दालनांसाठी वायूची यंत्रणा असते. कार्बन डायऑक्साइड स्वस्त, पण आग विझवायला तो हवेत सुमारे ३४ टक्के तरी भरावा लागतो, आणि दहा टक्क्यांच्या वर माणूस काही मिनिटांत शुद्ध हरपतो. म्हणून माणसांचा वावर असलेल्या खोलीत तो नको. तिथे वेगळे वायू वापरतात. ते खोलीत टिकले तरच उपयोगी. यंत्रणा बसवून झाल्यावर कोणीतरी एसीच्या पाइपासाठी भिंतीला भोक पाडले आणि बुजवले नाही, तर वायू त्या भोकातून निघून जातो. अशी भोके शोधणे हाही देखभालीचाच भाग आहे.

सगळ्यांत अवघड इमारत मात्र रुग्णालयाची. मिरज हे गेली सव्वाशे वर्षे रुग्णांचे गाव आहे. विल्यम वॉन्लेस यांच्या मिशन हॉस्पिटलपासून इथे कर्नाटकातूनही माणसे येत आली. कापड दुकानात आग लागली तर गिऱ्हाईक पळते. अतिदक्षता विभागातला रुग्ण नळ्यांना जोडलेला असतो, आणि खोलीत ऑक्सिजनही मुबलक असतो. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. त्यानंतर राज्यातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि ११ रुग्ण मृत्युमुखी पडले. दोन घटनांमध्ये पुरते दहा महिनेही नव्हते. तपासणीचा आदेश आणि बसवलेली, चालणारी, राखलेली यंत्रणा यांच्यामध्ये निधी लागतो, निविदा लागते, हुशार हात लागतात. रुग्णालयाच्या बाबतीत हे अंतर दिवसांत मोजावे, महिन्यांत नव्हे.

सांगली ही नाट्यपंढरी, म्हणून शेजारच्या कोल्हापुरातली एक रात्र इथेही विसरली जाणार नाही. ८ ऑगस्ट २०२४ रोजी संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांनी १९१५ साली उभे केलेले हे नाट्यगृह. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. लाकूड, पडदे, गाद्यांच्या खुर्च्या, विजेच्या जुन्या तारा: कुठल्याही जुन्या नाट्यगृहात हेच असते.

परवान्याच्या चौकटीबाहेरही पुष्कळ काही उरते. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, दुकाने पेटली, गॅसची सिलिंडरे फुटली, सुमारे तीनशे माणसे मेली. तिथे ना पंपखोली होती ना पाइप. चिंचोळ्या वाटेवर दाटीने लागलेल्या दुकानांपुढे स्प्रिंकलरचे शास्त्र काय करणार? इमारतीचा कायदा इमारतीपुरता असतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

इमारतीच्या आत मात्र मालकाला बरेच करता येते, आणि त्यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही. पहिली गोष्ट, एजन्सीचा परवाना मागून पाहायचा: तो कोणाच्या नावावर आहे, मुदत संपली का, आपले काम त्यात बसते का. परवानाधारकांची यादी संचालनालयाच्या संकेतस्थळावर असते. अनेकदा समोर येणारा माणूस उपकंत्राटदार असतो आणि सही भलत्याची. दुसरी, दर. तीन दरपत्रकांतले सर्वांत कमी निवडायचे ही सवय इथे घातक ठरते, कारण देखभालीत जे स्वस्त पडते ते बहुतेक वेळा न केलेले काम असते. सिलिंडर खरोखर उघडून पावडर पालटायची, की नुसते पुसून नवा टॅग लावायचा? दुसऱ्यात वेळही वाचतो आणि पैसेही. दमट हवेत पावडरचा गोळा होतो; गेजचा काटा हिरव्यात असूनही नळीतून काही येत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला बहुधा गेजच नसते, ते वजन करूनच पाहावे लागते. ज्याच्याकडे वजनकाटा नाही तो ते कसे तपासतो, हे विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी. फॉर्म बीवर सही होण्याआधी मालकाने, सोसायटीच्या सचिवाने किंवा रुग्णालयाच्या व्यवस्थापकाने सर्वांत वरच्या किंवा सर्वांत लांबच्या हायड्रंटपाशी उभे राहावे आणि तो उघडायला सांगावा. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे तिथे किमान साडेतीन किलोचा दाब हवा. मग खाली येऊन, हायड्रंट उघडा असतानाच, विजेचा मेन स्विच पाडायला सांगावा आणि डिझेल इंजिन आपोआप सुरू होते का ते पाहावे. सगळ्याला अर्धा तास लागतो. जी एजन्सी याला आनंदाने तयार होते ती ठेवावी. जी “साहेब, सगळे ओके आहे, तुम्ही कशाला त्रास घेता” म्हणते, ती बदलावी.

आणि सांगली, मिरज, कऱ्हाड, पलूस, वाळव्याच्या नदीकाठी आणखी एक नेम हवा. पूर ओसरल्यावर, इमारतीत पुन्हा वीज सोडण्याआधी, जुलैचा दाखला रद्द झाला असे समजून एजन्सीला बोलवावे. मोटर सुकवून तिचे इन्सुलेशन मोजावे, पॅनेल उघडावे, डिझेलच्या टाकीत पाणी गेले का पाहावे. ओलसर वायरिंगमुळे शॉर्टसर्किटची भीती पुरानंतरच्या आठवड्यांत सर्वांत जास्त असते आणि नेमके तेव्हाच पंप बंद असतात. कायद्याने ही जादा तपासणी नेमून दिलेली नसली तरी पालिकेला पूरपट्ट्यातल्या इमारतींकडून ती मागता येईल, आणि तिने ती मागावी.

पॅनेल आणि बॅटऱ्या पूररेषेच्या वर नेणे हे त्याहून पक्के काम. २०१९ आणि २०२१चे पाणी कुठपर्यंत आले होते याच्या खुणा अजून भिंतींवर आहेत. नवी टेप लावून मोजायचीही गरज नाही. जुलैनंतरचा फॉर्म बी जानेवारीत द्यायचा असतो. तेव्हा कृष्णा पात्रात असते, पंपखोली कोरडी असते आणि गवंडी, फिटर, परवानाधारक तिघेही हाताशी मिळतात. पॅनेल वर घ्यायचे असेल तर ते त्याच महिन्यात घ्यावे.